शिक्का खरा, नोंद खोटी

‘डिस्क स्वतःची तपासणी स्वतः करते. वर रेड आहे, जर्नल आहे, रोजचा बॅकअप आहे. आता आणखी काय तपासायचे?’ सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याला उत्तराची अपेक्षा उरलेली नाही. फाइल सिस्टीमच्या मेटाडेटाची वाचताना आणि लिहिताना दर वेळी शहानिशा करणे म्हणजे कुलूप लावलेल्या तिजोरीला वरून दोरी बांधणे, असा हा समज आहे. तो अनुभवी लोकांचा आहे म्हणून त्याचे खंडन नीट व्हायला हवे. त्यासाठी पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखणारा आणि काही मर्यादेपर्यंत ती दुरुस्त करणारा संकेत लिहिलेला असतो. वाचताना तो जुळला नाही आणि दुरुस्तीही साधली नाही, तर डिस्क चुकीचा मजकूर हाती देत नाही. ‘वाचता आले नाही’ असे सरळ कळवते. एखादी डिस्क पूर्ण उडाली तर रेडमधल्या बाकीच्या डिस्कांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. लिहिता लिहिता वीज गेली तर जर्नल अर्धवट बदल एक तर पुरा करते किंवा टाकून देते. हे सगळे हुकले तरी बॅकअप हाताशी आहे. याच्याही वर तपासणी चढवायची म्हणजे प्रोसेसरचा वेळ जातो, कोड गुंतागुंतीचा होतो, आणि एका ब्लॉकवर संशय आला म्हणून चालता सर्व्हर भर दुपारी बसण्याची धास्ती लागते. रुग्णालयाची नोंदणी अडण्यापेक्षा एखादी फाइल बिघडलेली परवडली, असे म्हणणारा माणूस बेजबाबदार नसतो. फोन त्यालाच येणार असतात.

या चारही राखणदारांबद्दल माझी तक्रार नाही. ते आपापले काम करतात. पण त्यांना विचारलेला प्रश्न एक आहे आणि आपण गृहीत धरलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. ‘लिहिलेले जसेच्या तसे राहिले का?’ याचे उत्तर ते देतात. ‘लिहिले ते योग्य होते का, योग्य जागी गेले का, आणि मुळात गेले का?’ हे त्यांना कोणी विचारलेले नाही, आणि विचारले तरी त्यांना सांगता येणार नाही.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या जुन्या मोडी कागदांच्या स्कॅनचा साठा माझ्या देखरेखीखाली होता. कागद रुमालात बांधलेले, रुमालाला क्रमांक, आणि सर्व्हरवर त्याच क्रमांकाची डिरेक्टरी. मोडी वाचणाऱ्या एका बाई एक दिवस म्हणाल्या की, त्यांनी वाचायला घेतलेल्या रुमालातली काही पाने त्या रुमालातली नाहीतच. फाइलचे नाव जुने, तारीख जुनी, आकारही बरोबर. उघडली की दुसऱ्याच गावचा कागद समोर यायचा, तोही अर्धा. रेडच्या सगळ्या डिस्कांचे दिवे हिरवे होते. कोणत्याही डिस्कने वाचनाची एकही तक्रार नोंदवलेली नव्हती.

शोध घेतल्यावर कारण सापडले ते एवढेसे. मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणारा एक ब्लॉक, ज्याला बिटमॅप म्हणतात, कधीतरी बिघडला होता. ४०९६ बाइटांचा असा एक ब्लॉक १२८ एमबी जागेचा हिशेब ठेवतो. एकेका बिटामागे एकेक ब्लॉक भरलेला की मोकळा, एवढीच नोंद. बिघडलेल्या बिटमॅपात भरलेली जागा मोकळी दिसत होती. फाइल सिस्टीमने त्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि ती जागा नव्या स्कॅनना वाटत गेली. नवे कागद जुन्या कागदांवर लिहिले गेले. त्यात एकही लेखन अयशस्वी झाले नाही. डिस्कने सांगितलेले सगळे अचूक लिहिले, रेडने त्याची पॅरिटी, म्हणजे पुनर्बांधणीसाठीची बेरीज, अचूक काढली, जर्नलने प्रत्येक बदल नीट तडीस नेला.

मग फाइल सिस्टीमची सुसंगती तपासणारे एफएससीके चालवले. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा आहे हे त्याने बरोबर शोधले, प्रत्येकीला त्या ब्लॉकची स्वतंत्र प्रत करून दिली आणि फाइल सिस्टीम स्वच्छ असल्याचा शेरा मारला. आता दावे भांडत नव्हते. पण दोन्ही फाइलींत मजकूर होता तो शेवटी लिहिणाऱ्याचा. बॅकअप दर आठवड्याला पूर्ण व्हायचा आणि शेवटचे चार राखले जायचे. नोंद बिघडल्याला नऊ आठवडे झाले होते.

बॅकअप हा शेवटचा आधार आहे असे म्हणताना एक अट आपण विसरतो : चूक कळेपर्यंत चांगली प्रत शिल्लक असली पाहिजे. म्हणजे बॅकअपची खरी किंमत बिघाड किती लवकर कळतो यावर ठरते. चार आठवड्यांच्या बॅकअपला नऊ आठवड्यांनी कळलेली चूक म्हणजे बॅकअप नसल्यासारखेच. त्या फाइल सिस्टीमची रचना जुनी होती. २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टीमला मेटाडेटाचे चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज) मिळाले, आणि त्या रचनेत असा बिटमॅप वाचताक्षणी बेरीज चुकलेली दिसते. फाइल सिस्टीम ब्लॉकांच्या त्या गटावर अविश्वासाची खूण करते आणि नवी जागा दुसरीकडून देते. बिघाड चेकसम काढल्यानंतरचा असता, तर एकही जुने पान पुसले गेले नसते.

मेटाडेटा म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे कोणालाही चटकन समजावे, कारण तशी व्यवस्था आपण तलाठ्याच्या दप्तरात पाहिलेली आहे. जमीन म्हणजे डेटा. सातबारा म्हणजे मेटाडेटा : कोणत्या गटात किती क्षेत्र आणि ते कोणाच्या नावे. फेरफार म्हणजे जर्नल : काय बदलले, कधी, कोणत्या क्रमांकाने. शेतात वीतभर माती हलली नाही तरी सातबाऱ्यावरची एक ओळ चुकली की मालकी बदलते, कर्ज अडते, विक्री होते. आणि त्या चुकीच्या ओळीच्या आधारे पुढचे फेरफार होत राहतात. प्रत्येक फेरफार रीतसर, प्रत्येकावर शिक्का आणि सही. दहा वर्षांनी मूळ ओळ दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला तिच्यावर उभे राहिलेले सगळेच उकलावे लागते.

डेटाचा एक ब्लॉक बिघडला तर एका फाइलीचा एक तुकडा जातो. छायाचित्रात एक पट्टा येतो, नोंदवहीतली एक ओळ खराब होते. मेटाडेटाचा एक ब्लॉक बिघडला आणि त्यावर विश्वास ठेवून काम चालू राहिले, तर चूक स्वतः नव्या चुका लिहू लागते. बिघाडाचा आकार काळासोबत वाढतो. लवकर पकडण्याचा आग्रह यातूनच येतो.

आता राखणदारांकडे एकेक करून वळू. डिस्कच्या संकेताची मर्यादा तर्कशास्त्राच्या भाषेत अव्याप्तीची आहे : जेवढे व्यापायला हवे तेवढे तो व्यापत नाही. फर्मवेअरमधल्या चुकीने ब्लॉक भलत्याच सेक्टरवर लिहिला गेला, तर त्या सेक्टरचा संकेत त्या भलत्या मजकुराशी तंतोतंत जुळतो. डिस्कने ‘लिहिले’ असे कळवून प्रत्यक्षात लिहिलेच नाही, तर जुना मजकूर जुन्या संकेतासह तिथे शाबूत असतो. वाचताना काहीच खटकत नाही. केबल, कंट्रोलर किंवा मुख्य मेमरीत मजकूर बदलला, तर डिस्कपर्यंत पोहोचलेला बिघडलेला मजकूरच डिस्कच्या लेखी मूळ मजकूर असतो.

हे कल्पनेतले प्रसंग आहेत असे वाटत असेल तर २००८ सालच्या फास्ट परिषदेतला एक अभ्यास पाहावा. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी नेटअ‍ॅपच्या साठवण यंत्रणांतल्या १५ लाख ३० हजार डिस्कांची ४१ महिन्यांची नोंद तपासली. या यंत्रणांत डिस्कच्या संकेताच्या वर वेगळे चेकसम ठेवलेले होते. ते न जुळल्याचे ४ लाखांहून जास्त प्रसंग सापडले. वापराच्या पहिल्या १७ महिन्यांत महागड्या वर्गातल्या ०.०६ टक्के डिस्कांवर असा प्रसंग आला, तर स्वस्त, मोठ्या क्षमतेच्या वर्गातल्या ०.६६ टक्के डिस्कांवर. टक्केवारी लहान आहे, मान्य. पण आपल्याकडे संस्था, छोट्या कंपन्या, स्टुडिओ सर्रास विकत घेतात त्या दुसऱ्या वर्गातल्या डिस्का. शिवाय हे प्रसंग विखुरलेले नव्हते. एका डिस्कवर एक चूक असली की तिच्या जवळपास आणखी असण्याची शक्यता बरीच वाढलेली होती.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा रेडच्या भक्तांनी लक्षात ठेवावा असा आहे. न जुळलेल्या प्रसंगांपैकी सुमारे ८ टक्के सापडले ते रेडची पुनर्बांधणी चालू असताना. म्हणजे एक डिस्क गेलेली, तिचा मजकूर बाकीच्यांवरून उभा करायचा चाललेला, आणि त्या बाकीच्यांतलाच एक ब्लॉक खोटा. एरवी रोजच्या वाचनात बहुतेक रेड पॅरिटी वाचतच नाहीत. मागितलेला ब्लॉक डिस्कने दिला की तो वर पाठवतात. मुद्दाम तपासणी लावली आणि पॅरिटी जुळली नाही, तरी साध्या पॅरिटीला एवढेच कळते की बेरीज चुकली. कोणता आकडा चुकला ते कळत नाही. दोन प्रतींच्या रेडमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती, हे रेड कशावरून सांगणार? दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलतात आणि दोघांनाही ओळखणारे कोणी नाही, अशी ती स्थिती.

जर्नलबद्दल थोडक्यात सांगता येईल. जर्नल बदल अर्धवट राहू देत नाही. बदल शहाणपणाचा आहे की नाही हे ते पाहत नाही. मेमरीत बिघडलेला ब्लॉक जर्नलमध्ये तितक्याच निष्ठेने उतरतो.

एकेका टप्प्याची तपासणी म्हणजे पूर्ण प्रवासाची तपासणी नव्हे, हे संगणकशास्त्राला १९८० च्या दशकापासून माहीत आहे. साल्त्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एमआयटीतला एक प्रसंग दिला आहे. तिथल्या जाळ्यात एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत प्रत्येक पाकिटाची बेरीज तपासली जायची, म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी वेगळी तपासणी ठेवली नाही. मधल्या एका गेटवे संगणकात मजकूर एका बफरमधून दुसऱ्यात उतरवताना क्वचित, दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा, शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल व्हायची. आत येताना बेरीज बरोबर, बाहेर जाताना नव्याने काढलेली बेरीजही बरोबर; चूक मध्ये, गेटवेच्या पोटात. एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ फाइली त्या वाटेने वारंवार गेल्या आणि हळूहळू बिघडल्या. शेवटी जुने छापील कागद समोर ठेवून त्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. आपल्या सर्व्हरमध्ये प्रोग्रामपासून डिस्कच्या चकतीपर्यंत असे गेटवे किती असतात ते मोजून पाहावे.

इथवर वाचून चेकसमचे समर्थक खूश झाले असतील. पण त्यांच्यातही एक समज पसरलेला आहे आणि तोही मला तितकाच धोक्याचा वाटतो : चेकसम लावला की काम संपले.

चेकसम म्हणजे शिक्का. लिफाफा बंद केल्यानंतर कोणी छेडला का, ते तो सांगतो. लिफाफ्यात चुकीचा कागद घातला असेल तर शिक्का त्याच्यावरही बसतो. मेमरीत बिट उलटला, किंवा कर्नलमधल्या चुकीने फाइलीची नोंद ठेवणाऱ्या आयनोडमध्ये भलताच आकडा लिहिला गेला, आणि त्यानंतर चेकसम काढला, तर तो चुकीच्या मजकुराचा बिनचूक चेकसम असतो. वाचताना तो जुळतो आणि आपण निर्धास्त होतो. मेमरीतले बिट उलटतात का? श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास करून २००९ साली दाखवले की, वर्षाकाठी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांना निदान एक तरी चूक भोवते. तिथल्या पट्ट्या स्वतः चूक दुरुस्त करणाऱ्या होत्या, म्हणून तरी ते मोजता आले. आपल्याकडच्या कित्येक छोट्या सर्व्हरांत ती सोय नसते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली झेडएफएसवर प्रयोग केले. डिस्कवरच्या बिघाडाविरुद्ध त्या काळातली ही सर्वांत मजबूत फाइल सिस्टीम. तीही मेमरीतल्या बिघाडापुढे उघडी पडली.

म्हणून खरी शहानिशा शिक्क्याबरोबर मजकूरही वाचते. या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते एक्सएफएसचे काम. १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सने मोठ्या साठ्यांसाठी केलेली ही फाइल सिस्टीम पुढे लिनक्सवर आली. साठे वाढत गेले तशी एक अडचण तिच्या कर्त्यांना टोचू लागली. काही बिघडले की तज्ज्ञ माणूस डिस्कवरचे ब्लॉक हाताने उलगडून बघायचा. पण जुन्या रचनेत एखादा ब्लॉक सुटा हातात आला तर तो कोणाचा, कुठला, कधीचा, हे त्या ब्लॉकवरून कळायचे नाही. साठा पेटाबाइटमध्ये मोजायची वेळ आल्यावर असे हाताने शोधणे संपलेच.

२०१३ साली लिनक्स ३.१० मध्ये आलेल्या नव्या रचनेत मेटाडेटाचा प्रत्येक ब्लॉक आपली ओळख स्वतःसोबत बाळगतो. तो कोणत्या प्रकारचा आहे याची खूण, त्याचा चेकसम, तो कोणत्या फाइल सिस्टीमचा आहे तो ओळख क्रमांक, तो डिस्कवर कोणत्या जागी असायला हवा तो पत्ता, त्याचा मालक कोण, आणि जर्नलमधल्या कोणत्या बदलाने तो शेवटचा लिहिला गेला. भलत्या जागी गेलेला ब्लॉक वाचला की चेकसम जुळेल, पण पोटातला पत्ता वेगळा निघेल. त्याच डिस्कवर पूर्वी असलेल्या जुन्या फाइल सिस्टीमचा शिळा ब्लॉक पुढे आला तर ओळख क्रमांक जुळणार नाही. एका डिरेक्टरीचा ब्लॉक दुसरीच्या झाडात शिरला तर मालक चुकलेला दिसेल. पत्त्याची तपासणी करताना माणसाने दारावरची पाटी वाचावी तशी ही गोष्ट आहे, आणि इतकी साधी गोष्ट व्हायला वीस वर्षे लागली याचे मला अजून आश्चर्य वाटते.

त्याहून मोलाचे आहे ते लेखनाच्या वेळचे. ब्लॉक डिस्कवर जाण्याआधी एक्सएफएस त्याची रचना तपासते : नोंदींची संख्या मर्यादेत आहे का, दाखवलेले पत्ते फाइल सिस्टीमच्या हद्दीतले आहेत का. हे पटले तरच चेकसम काढायचा. पटले नाही तर ब्लॉक लिहायचाच नाही आणि फाइल सिस्टीम थांबवायची. क्रम महत्त्वाचा आहे : आधी मजकूर, मग शिक्का. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्येही २०१९ च्या लिनक्स ५.२ पासून लिहिण्याआधी अशी तपासणी होते. त्याच्याही आधी, २०१२ साली, टोरांटो विद्यापीठात डॅनियल फ्रायर आणि सहकाऱ्यांनी रेकॉन नावाच्या प्रयोगात एक्स्ट३चे बदल डिस्कवर पक्के होण्याआधी सुसंगततेच्या नियमांवर घासून पाहिले होते. एफएससीके जे नंतर, फाइल सिस्टीम उतरवून, तासन्‌तास करते ते बदलाच्या क्षणीच करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

तरीही एक फट राहते. लिहिलेच गेले नाही अशा ब्लॉकच्या जागी जुना ब्लॉक असतो. त्याची ओळख खरी, पत्ता खरा, चेकसमही खरा. फक्त काळ चुकलेला. त्याला एकट्याला विचारून हे कळणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागते. झेडएफएसमध्ये मुलाचा चेकसम पालक ब्लॉकात असतो, म्हणून जुना मुलगा पुढे आला तर पालकाकडची बेरीज जुळत नाही. बीटीआरएफएसमध्ये पालकाकडे मुलाच्या पिढीचा आकडा असतो. एक्सएफएसची वाट वेगळी आहे, आणि ती पाहिली की मला पुन्हा तलाठ्याचे दप्तर आठवते. सातबारा गटनिहाय असतो : या गटाचे मालक कोण? आठ-अ खातेदारनिहाय असतो : या माणसाच्या नावे कोणकोणती जमीन? तीच माहिती दोन दिशांनी. एका वहीत चूक झाली तर दुसरी तिला उघडी पाडते, आणि गावाच्या एकूण क्षेत्राचा मेळ आकारबंदाशी घालता येतो. २०१६ साली लिनक्स ४.८ मध्ये एक्सएफएसला मिळालेली उलट नोंदींची रचना हा असाच आठ-अ आहे. फाइल सांगते, माझे ब्लॉक कोणते. ही रचना सांगते, या ब्लॉकचा मालक कोण. माझ्या मोडी कागदांच्या साठ्यात ही दुसरी वही असती, तर एका ब्लॉकवर दोघांचा दावा उभा राहताच विसंगती समोर आली असती. चालू फाइल सिस्टीमवर अशा वह्या ताडून पाहण्याची सोय २०१८ पासून लिनक्स ४.१५ मध्ये आली, आणि तिच्यामागे डॅरिक वाँग यांची कित्येक वर्षांची चिकाटी आहे.

आता पूर्वपक्षाच्या सर्वांत जड मुद्द्याकडे येतो : संशय आला म्हणून थांबायचे का?

एक्स्ट४ माउंट करताना चूक आढळल्यास काय करायचे याचे तीन पर्याय देता येतात : पुढे चालू राहा, फक्त वाचण्यापुरते उरा, किंवा पूर्ण थांबा. पुष्कळ ठिकाणी पहिला पर्याय आहे तसाच राहिलेला दिसतो. मी तो कुठेही ठेवत नाही. चुकीच्या बिटमॅपवर विश्वास ठेवून ‘चालू’ राहिलेल्या सर्व्हरने माझ्या देखत नऊ आठवडे न थांबता सेवा दिली. त्या नऊ आठवड्यांत त्याने जे केले त्याला सेवा म्हणता येत नाही. थांबलेल्या सर्व्हरचा तोटा तासांत मोजता येतो आणि तो लगेच दिसतो. चालू राहिलेल्या बिघाडाचा तोटा दिसत नाही म्हणून हिशेबात धरला जात नाही. तुलना चुकते ती इथे. आणि थांबणे म्हणजे सगळेच थांबणे असेही नाही. एक्स्ट४ एका गटापुरता अविश्वास ठेवते. एक्सएफएस वाचताना सापडलेल्या बिघडलेल्या ब्लॉकबद्दल त्या एका मागणीला नकार देते. सगळे थांबवते ते बिघडलेला ब्लॉक लिहिला जाण्याची वेळ आली तर.

विस्कॉन्सिन विद्यापीठात विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रचलित फाइल सिस्टीमना मुद्दाम चुका भरवून पाहिले होते. चूक आली की काय करायचे याचे एकच एक धोरण कोणाकडेच धड नव्हते. एक्स्ट३ तर लेखन फसल्याच्या सूचना बऱ्याच ठिकाणी सोडून देत होती. म्हणजे ‘पुढे चालू’ हा कोणी विचारांती घेतलेला निर्णय नव्हताच. तो राहून गेलेला विचार होता.

लवकर थांबण्याचा आणखी एक लाभ असतो, आणि त्याची चर्चा क्वचितच होते : कारण सापडते. २०१८ च्या अखेरीस लिनक्स ४.१९ वापरणाऱ्यांच्या फाइल सिस्टीम बिघडू लागल्या. काहींना पहिली चाहूल लागली ती आयनोडचा चेकसम चुकल्याच्या संदेशाने. संशय अर्थातच एक्स्ट४वर गेला. डिस्का निरोगी होत्या. काही आठवड्यांच्या शोधानंतर डिसेंबरमध्ये दोष सापडला तो फाइल सिस्टीमच्या खाली, डिस्ककडे मागण्या पाठवणाऱ्या थरात. डिस्कचा संकेत, रेड, जर्नल यांपैकी कोणालाही हा दोष दिसणे शक्य नव्हते. त्यांच्या लेखी सगळे ठीक होते. खुणेपासून कारणापर्यंतचे अंतर जितके कमी तितका माग ताजा. नऊ आठवड्यांनी माझ्या हाती काय होते? बिटमॅप बिघडला होता एवढे कळले. केबलने, मेमरीने की कंट्रोलरने, ते कधीच कळले नाही. मी तिन्ही बदलले.

खर्चाचा मुद्दा एके काळी खरा होता. आज एक्स्ट४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस तिन्ही सीआरसी-३२सी हा चेकसम वापरतात आणि २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत त्याच्यासाठी स्वतंत्र सूचना आहे. एखादा बिघडलेला ब्लॉक नुसत्या योगायोगाने त्याला चकवण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. मेटाडेटा एकूण साठ्याचा लहानसा भाग असतो; त्याची बेरीज काढायला लागणारा वेळ डिस्कची वाट पाहण्याच्या वेळेपुढे नगण्य आहे.

मग डेटाचे काय, असे झेडएफएसवाले विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. शक्य असेल तिथे डेटाचाही चेकसम ठेवावा. अ‍ॅपलने २०१६ साली जाहीर केलेल्या एपीएफएसमध्ये मेटाडेटाला चेकसम आहेत, वापरणाऱ्याच्या मजकुराला नाहीत. ही निवड मला अपुरी वाटते. पण आधी काय, असे विचारले तर मी मेटाडेटाच म्हणेन. झेडएफएसही मेटाडेटाच्या जादा प्रती ठेवते, यातच तिच्या कर्त्यांचे मत दिसते. हेही कबूल करतो की, तपासणीचा कोडही कोड आहे आणि त्यातल्या चुकीने निरोगी फाइल सिस्टीम थांबू शकते. तशी वेळ आली तर काही तास जातील. माझ्याकडून जी पाने गेली ती तासांनी परत येणारी नव्हती.

तो साठा आता नव्या रचनेच्या एक्सएफएसवर आहे. मेमरी चूक दुरुस्त करणारी आहे, दर रविवारी रात्री सगळ्या वह्या ताडून पाहिल्या जातात, आणि बॅकअप राखण्याची मुदत त्या तपासणीच्या अंतरावरून ठरवली आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लॉगमध्ये एका डिरेक्टरी ब्लॉकचा चेकसम चुकल्याची ओळ आली, ब्लॉकच्या पत्त्यासह. स्कॅनिंग थांबवले. आदल्या रात्रीच्या प्रतीशी ताडून त्या रुमालाची एकशे चौदा नावे परत लावली, सैल झालेली एक केबल बदलली, आणि दुपारी चारला काम पुन्हा सुरू झाले. जुन्या बिघाडातल्या रुमालांचे स्कॅनिंग मात्र अजून चालू आहे. त्यातले काही कागद पहिल्या वेळीच इतके ठिसूळ होते की, दुसऱ्यांदा उलगडायचे की नाही, हे बाई एकेक पान हातात घेऊन ठरवतात.